कॅन्सरच्या रुग्णांना जाणवणारा कलंक मोजायला कोणती प्रश्नावली घ्यावी?

पाऊलवाट:
उपचार चालू असलेल्या रुग्णांना आजारामुळे किती कलंक जाणवतो, हे मोजायचं आहे. वेगवेगळ्या अवयवांचे कॅन्सर असलेले साधारण १५० रुग्ण मिळतील. 'कॅन्सर स्टिग्मा स्केल' ही २५ विधानांची प्रश्नावली सापडली. तीच मराठीत करून वापरली तर चालेल का?

कातरवेळ:
नाही चालणार. २०१४ ची ही प्रश्नावली रुग्णांसाठी नाहीच. कॅन्सर नसलेल्यांना रुग्णाशी बोलताना अवघडल्यासारखं होतं का, ते त्याला टाळतात का, आजाराचा दोष त्यालाच देतात का, हे ती मोजते. रुग्णाकडून भरून घेतली तर आकडे येतील, पण त्यांचा अर्थ लागणार नाही.

फाइफ आणि राइट यांचं सोशल इम्पॅक्ट स्केल (२०००) बघा. २४ विधानं, चार भाग: सामाजिक नकार, आर्थिक असुरक्षितता, मनात मुरलेली लाज, एकटेपणा. कॅटाल्डोंचं २०११ चं स्केल फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी आहे. त्यात धूम्रपानाचे प्रश्न असल्यामुळे तुमच्या मिश्र गटाला ते बसणार नाही.

तळओळ:
आधी मूळ लेखकांची परवानगी घ्या. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावं, मग एक मसुदा ठरवावा आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्यानं तो उलट इंग्रजीत न्यावा. एवढ्यावर थांबू नका. आठ-दहा रुग्णांना प्रत्येक विधान वाचायला देऊन "हे तुमच्या शब्दांत सांगा" म्हणा. खरी गडबड तिथेच कळते.

'कलंक' हा शब्द प्रश्नावलीत कुठेच नको, शीर्षकातसुद्धा नको. मराठीत तो थेट चारित्र्यावर जातो आणि माणूस दुखावतो. नकारार्थी विधानंही टाळा. "मला आजार लपवावासा वाटत नाही" यावर 'असहमत' म्हणताना निम्मे लोक गोंधळतात.

नातेवाईक शेजारी बसला असेल तर लाजेचे गुण हमखास कमी येतात, म्हणून वेगळी खोली हवी. आणि रुग्णाला स्वतःचं निदान माहीत आहे ना, याची खात्री केल्याशिवाय कागद पुढे करू नका. प्रश्नावलीतून निदान कळणं फार वाईट.

कातरवेळ:
एक मोठा खड्डा सांगायचा राहिला. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी कमी झाल्या की संसर्ग टाळायला रुग्ण स्वतःच लोकांपासून लांब राहतो. त्यामुळे एकटेपणाचे गुण वाढतात, पण तो कलंक नव्हे. आर्थिक भागाचंही तसंच, उपचारांच्या खर्चानंच तो वर जातो. म्हणून चारही भाग वेगवेगळे मांडा. केमोथेरपीचं शेवटचं सायकल (औषधाची फेरी) कधी झालं तेही नोंदवा.

उत्तरं स्थिर राहतात का हे बघायला दोन आठवड्यांनी काही जणांकडून पुन्हा भरून घ्याल, तेव्हा सायकलमधला टप्पा शक्यतो तोच ठेवा. प्रत्येक भागाचा क्रॉनबाख अल्फा (त्यातली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) किमान ०.७० हवा. सोबत पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली द्या. दोन्हींचा सहसंबंध फारच जास्त आला तर तुम्ही कलंकाच्या नावाखाली नैराश्यच मोजताय. २४ विधानांना १५० रुग्ण म्हणजे विधानामागे सहा, जेमतेम. २०० मिळाले तर घटक-विश्लेषण (विधानं खरंच या चार भागांत पडतात का, याची तपासणी) भक्कम होईल.

पाऊलवाट:
खूप मदत झाली. किती गुणांच्या वर 'जास्त कलंक' म्हणायचं?

तळओळ:
तशी रेघ ओढू नका. प्रत्येक विधानाला १ ते ४, म्हणजे एकूण २४ ते ९६ गुण. सरासरी आणि गुण तिच्याभोवती किती पसरलेत ते द्या, गटांची तुलना करा. मधेच रेघ मारली तर ५९ आणि ६० गुणांची माणसं उगाच दोन वेगळ्या रकान्यांत जातील.