सर्व्हरवर कॉपी केल्यावर काही फाइलींचीच तारीख बदलते, मदत हवी आहे

लिनक्स मशीनवरून ऑफिसच्या सर्व्हरवर, एनएफएसने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचं फोल्डर वापरायची सोय) माउंट केलेल्या फोल्डरमध्ये, ड्रॉइंगच्या फाइली टाकतोय. कॉपीची कमांड 'सीपी -पी' वापरतो, म्हणजे मूळ तारीख टिकायला हवी. नवी फाइल गेली तर टिकतेही. पण तिथे आधीच असलेल्या फाइलवर कॉपी केली की मजकूर बदलतो, तारीख आजची लागते आणि वर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. शेवटची आवृत्ती कोणती हे आम्ही तारखेवरूनच ठरवतो, त्यामुळे सगळा घोळ.

ग्रुपला लिहायची परवानगी आहे, मी त्या ग्रुपात आहे. नुसतं 'टच' (फाइलची तारीख बदलणारी कमांड) चालतं, पण 'टच -डी' ने 2014 ची तारीख लावायला गेलो की नकार. आजची चालते, मग जुनीशीच काय वैर?

प्रतिसाद १
विंडोजमध्येही कॉपी केल्यावर तयार झाल्याची तारीख नवी होते. ते नॉर्मल आहे.

धागाकर्ता
ती नाही हो, बदल केल्याची तारीख म्हणतोय. विंडोजमध्ये ती तर तशीच राहते.

प्रतिसाद २
'टच'ची चाचणी केलीत तिथेच उत्तर आहे. लिहायची परवानगी असली की फाइलला आत्ताची वेळ लावता येते. मनाला येईल ती वेळ लावायचा हक्क फक्त मालकाला किंवा रूटला (सर्वाधिकारी युजरला). 'सीपी' जुनी फाइल पुसत नाही, तीच रिकामी करून तिच्यात लिहितं, त्यामुळे मालक पहिलाच राहतो. 'एलएस -एलएन' करून मालकाचा आकडा बघा. एनएफएसवर नाव सारखं दिसलं तरी दोन्हीकडचे आकडे वेगळे असू शकतात.

धागाकर्ता
बरोबर! अडणाऱ्या सगळ्या फाइली 1003 च्या, मी 1001. आता सर्व्हरवाल्यांच्या मागे लागू?

प्रतिसाद २
'चोन' करून (फाइलचा मालक बदलून) दिलं तर उत्तमच. तोवर 'सीपी -पी' ला '--रिमूव्ह-डेस्टिनेशन' जोडा: आधी जुनी फाइल काढली जाते, मग नवी तुमच्या नावावर बनते. त्यासाठी फोल्डरवर लिहायची परवानगी हवी, आणि फोल्डरला स्टिकी बिट असेल तर दुसऱ्याची फाइल काढता येणार नाही. 'आरसिंक -ए' (कॉपीची दुसरी कमांड) सुद्धा तात्पुरती फाइल बनवून तिला जुनीचं नाव देतं, म्हणून फाइलींपुरता हा त्रास नाही. फोल्डरच्या तारखेवरून मात्र कुरकुर करेल, तेव्हा मोठा '-ओ' द्या. दोन्ही वाटांनी फाइलचा मालक बदलतो, 1003 वाल्याला आधी सांगून ठेवा.

धागाकर्ता
एका फाइलवर करून पाहिलं, 2014 तशीच राहिली. 1003 वाले ऑफिस सोडून गेलेत, त्यामुळे सांगायला कोणी नाही. बाकीच्या फाइलींसाठी 'चोन'ची विनंती टाकली आहे.