खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये दुधाळपणा जात नाहीये, मदत हवी आहे

२०० लिटरचा टँक, सुरू करून ७ महिने झाले. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड), थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ). गेले ९ दिवस पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसतंय. हिरवट नाही, पांढुरकं.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६ अंश. मीठ कालवायला पाणी आरओचंच, त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. खाणं आधीच निम्म्यावर आणलंय.

२० टक्के पाणी दोनदा बदललं, कार्बन नवा घातला, फिल्टरचा कापूस रोज बदलतोय. दोन दिवस जरा निवळतं, मग पुन्हा तेच.

घोळ असा की पाणी दुधाळ व्हायच्या आदल्याच दिवशी मी केएच (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) वाढवायची पावडर थेट टँकमध्ये ओतली होती (आळस, दुसरं काय). हीटरवर नखाने खरवडता येईल असा पांढरा थर आहे, म्हणजे कॅल्शियम साका धरतंय म्हणावं. पण ग्लासभर पाणी रात्रभर ठेवलं तर तळाला काहीच बसत नाही, आणि सकाळी मासे वरच्या बाजूला धापा टाकतात. ते पाण्यात जिवाणू वाढल्याचं लक्षण वाटतं.

यूव्ही (जिवाणू मारणारा अतिनील दिवा) नाही, लगेच घेणं जमणार नाही. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू आहे.

नक्की कोणतं, हे घरच्या घरी कसं ओळखू? आणि तोवर पाणी बदलत राहू की हात लावू नको?