८×४२ का १०×४२? दुर्बीण हातात धरून बघणाऱ्यांनी ८ च घ्यावी

टेकडीकर:
थंडी पडली की ओळखीतले दोनचार जण तरी विचारतात, पक्षी बघायला कुठली दुर्बीण घेऊ, आणि दुकानदार १० ची गळ्यात मारतो कारण आकडा मोठा. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिमीत. माझं मत सरळ आहे, ८ घ्या. १० मधून पक्षी दहापट दिसतो तशी हाताची थरथरही दहापट दिसते. शिवाय एका वेळी दिसणारी चौकट लहान, सिंहगड व्हॅलीत स्वर्गीय नर्तक पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर करत असतो, १० मधून सापडेपर्यंत पसार. आणि ४२ ला ८ ने भागा, डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिमीचा, १० ने भागलं तर ४.२. गर्द झाडीत पहाटे हा फरक कळतो, भर उन्हात नाही.

कवडीवाला:
काका, व्हॅलीचा नियम सगळ्या पुण्याला लावू नका 😄 नदीकाठच्या कवडी पाटला या एकदा. पलीकडच्या चिखलात तुतारी (छोटा पाणपक्षी) बसलीय, ठिपकेवाली का हिरवी? पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जातेय का डोळ्यापाशीच संपतेय, पाय पिवळट आहेत का काळपट हिरवे, ८ मधून सगळं अंदाजपंचे. थरथरीचं म्हणाल तर धरायची पद्धत असते, दुर्बीण पुढच्या टोकाकडे धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, निम्मं हलणं तिथंच कमी होतं.

टेकडीकर:
कोपरं टेकवून किती वेळ उभं राहणार? दंड भरून येतात राव. नाचणारी मोठी भुवई बघण्यापेक्षा स्थिर छोटी भुवई बरी.

पाणकावळा:
मग भिगवणला काय करता दोघं? कुंभारगावात होडीत बसलं की १० मधलं चित्र होडीबरोबर झुलतं, आणि रोहित (फ्लेमिंगो) एवढा मोठा पक्षी, त्याला ८ रग्गड. दुपारी पाण्यावरची हवा तापली की १० काय न १२ काय, लांबचं सगळं थरथरतच दिसणार, त्यात हाताचा दोष नाही. तुताऱ्याच बघायच्यात तर काठावर ट्रायपॉडवर स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) लावा.

कवडीवाला:
स्कोप, ट्रायपॉड, थर्मास, वर एक हमालही आणू का?

नवखी_कोथरूड:
स्टॅबिलायझरवाली कशी असते? कॅननची १२×३६ बघितली, फारच महाग आहे पण.

पाणकावळा:
बटण दाबलं की चित्र जागेवर थांबतं हे खरंय. पण बॅटरी संपली की हातात नुसती १२ ची दुर्बीण, आणि ३६ भागिले १२ म्हणजे ३ मिमी, तिन्हीसांजेला अंधारच. होडीत मात्र तिला तोड नाही.

टेकडीकर:
ताई, चष्मा लावत असाल तर आधी आय रिलीफ (डोळा भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) बघा, १५ मिमीच्या वर हवं, नाहीतर ८ असो का १०, कडा कापलेल्याच दिसणार. आणि दुकानात भिंतीकडे बघून ठरवू नका, दारात येऊन रस्त्यापलीकडची पाटी दोन्हींतून मिनिटभर वाचा.

कवडीवाला:
वाचा वाचा. ८ मधून दुकानाचं नाव दिसेल, १० मधून खालचा फोन नंबर पण.