मदत हवी आहे : खासगी कंपनीतील अल्पदृष्टी कर्मचारी कामाच्या जागी सोयी कोणत्या कलमाखाली मागू शकतो?

नमस्कार. मी कळव्याला राहते आणि ऐरोलीतील एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करते. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. या आजारात नजरेचा घेर वर्षागणिक आक्रसत जातो आणि कमी उजेडात दिसेनासे होते. समोरच्याचा चेहरा दिसतो, पण त्याने पुढे केलेला हात दिसत नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) माझ्याकडे आहे, आणि नोकरीवर घेतानाच कंपनीला याची पूर्ण कल्पना दिलेली होती.

कामात आजवर अडचण आली नव्हती. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मी वापरते. तो मोफत मिळतो, त्यामुळे कंपनीला त्याचा एक रुपयाही खर्च नाही. मात्र यंदा कंपनीने बिलांसाठी नवी प्रणाली आणली आणि तिच्या पडद्यावर एनव्हीडीए फक्त 'बटन, बटन, बटन' एवढेच बोलतो, कारण ती बनवणाऱ्यांनी बटनांना आतून नावेच दिलेली नाहीत. त्यांतले मंजुरीचे कोणते आणि रद्द करण्याचे कोणते हे ऐकून कळत नाही, आणि दुसऱ्याच्या पैशांच्या व्यवहारात अंदाजाने बटन दाबणे मला पटत नाही. त्यातच माझी कामाची पाळी सकाळी ९ ऐवजी दुपारी १२ ते रात्री ९ अशी केली गेली. ऐरोली स्थानकापर्यंतचा रस्ता, पदपथावरच्या निघालेल्या लाद्या, मग ठाण्याला गाडी बदलणे, हे दिवसाउजेडी मी एकटी करते. रात्री ते माझ्यासाठी सुरक्षित नाही.

प्रणालीतील बटनांना नावे द्यावीत आणि मला सकाळची पाळी द्यावी, एवढ्याच दोन मागण्या मी केल्या. त्यावर एचआरकडून तोंडी उत्तर मिळाले की दिव्यांगांचा कायदा सरकारी नोकरीपुरता आहे आणि खासगी कंपनीला तो बंधनकारक नाही. नंतर 'झेपत नसेल तर सन्मानाने राजीनामा द्या, अनुभवाचे पत्र चांगले देऊ' असेही सुचवण्यात आले. या वाक्याने मी फार दुखावले गेले, कारण माझ्या कामाच्या दर्जाबद्दल कोणाचीही तक्रार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मी स्वतः वाचला. कलम २० मध्ये नोकरीत भेदभाव करू नये, वाजवी सोयी (म्हणजे दिव्यांग व्यक्तीला काम करता यावे म्हणून केलेले आवश्यक बदल) पुरवाव्यात आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आले तरी कर्मचाऱ्याला काढू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. पण तिथे शब्द 'सरकारी आस्थापना' असाच आहे. एचआरचे म्हणणे बहुधा याच कलमावर उभे आहे. उलट कलम २१ प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगते आणि आस्थापनेच्या व्याख्येत खासगी कंपन्याही येतात. तेव्हा माझा प्रश्न असा, की कलम २० चे संरक्षण नसलेल्या माझ्यासारख्या कर्मचाऱ्याने नेमका कोणता आधार घ्यावा, आणि दाद कोणाकडे मागावी? थेट वकिलाची नोटीस पाठवली तर संबंध बिघडून नोकरीच जाईल, ही भीतीही मनात आहे. ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष चोखाळला आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद :

ताई, कलम २० बद्दल तुमचे वाचन बरोबर आहे, पण एचआरने त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कलम २ मधील भेदभावाची व्याख्या पाहा : वाजवी सोयी नाकारणे हाच भेदभावाचा एक प्रकार आहे, असे तिथे म्हटले आहे. कलम ३ दिव्यांगत्वाच्या कारणावरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करते आणि ती मनाई सरकारी नोकरीपुरती ठेवलेली नाही. मालकाला बचाव एवढाच उरतो, की ही सोय देणे आमच्यावर अवाजवी बोजा आहे किंवा नकार हा एखादा उचित उद्देश साधण्याचा प्रमाणशीर मार्ग आहे. तुमच्या पहिल्या मागणीत तर बटनांना नावे देण्यापलीकडे काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या निकालात वाजवी सोयींचे तत्त्व सविस्तर मांडले आहे. तो खटला परीक्षेत लेखनिक मिळण्याचा होता, तरी ही सोय प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असण्याच्या अटीला बांधलेली नाही, हे त्यातून स्पष्ट होते. प्रमाणपत्रावरचा आकडा पुढे करून कोणी अडवू लागले तर हाच निकाल दाखवा.

याच कायद्याखालील २०१७ च्या केंद्रीय नियमांतील नियम ८ तुमच्या फार उपयोगाचा आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या समान संधी धोरणात सहायक साधने, अडथळामुक्त वातावरण आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक या गोष्टी असाव्याच लागतात, आणि त्या धोरणाची नोंदणी आयुक्तांकडे करावी लागते. म्हणून नोटीस आत्ता पाठवू नका. सौम्य भाषेत एक ईमेल लिहा. त्यात दोन्ही मागण्या, प्रमाणपत्राची प्रत, धोरणाची प्रत मिळण्याची विनंती आणि संपर्क अधिकाऱ्याचे नाव कळवण्याची विनंती असू द्या. पाळीची मागणी करताना डोळ्यांच्या डॉक्टरांचे पत्र जोडा आणि त्यात रातांधळेपणाचा उल्लेख ठळक असावा. तोंडी झालेले संभाषण तारखेसह त्याच ईमेलमध्ये नमूद करा, म्हणजे ते नोंदीवर राहील. राजीनाम्यावर सही अजिबात करू नका. एकदा तो स्वखुशीने दिल्याचे कागदावर आले की पुढची लढाई फार अवघड होते.

उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. साक्षीदारांना बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मात्र एक गोष्ट आधीच जाणून घ्या : त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपात येतो. समोरच्याला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते किंवा शिफारस न मानण्याची कारणे द्यावी लागतात. कायद्याच्या उल्लंघनासाठी कलम ८९ मध्ये पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे, पण ईमेलमध्ये दंडाची भाषा नको.

ईमेलचा मसुदा तयार झाला की कंपनीचे आणि व्यक्तींची नावे वगळून इथेच टाका, कलमांचे उल्लेख मी तपासून देईन.