गोलाईजवळच्या माडीवरच्या पुस्तकाच्या दुकानात सध्या काय नवीन चालूय?

मांजराकाठची
नमस्कार मंडळी, लातूरकरांनाच विचारायलेय. मी मूळची औशाची, नोकरीमुळं पुण्यात. गोलाईजवळ ते माडीवरचं पुस्तकांचं दुकान आहे ना, खाली भांड्यांचं दुकान आणि बाजूनं अरुंद जिना, त्याबद्दल. अकरावी-बारावीला ट्यूशन सुटली की होस्टेलला जायच्या आधी तासभर मी तिथंच असायचे. आख्खा ट्यूशन एरिया नीटच्या गाईडनी भरलेला आणि हे एकच दुकान जिथं कथा-कविता-कादंबरी रॅकवर समोर दिसायची. काका उभ्या उभ्या वाचू द्यायचे, अर्धं पुस्तक तिथंच वाचून झालं तरी "घेणार का" म्हणून कधी विचारलं नाही, उलट एकदा स्टूल सरकवून दिलं होतं. चार वर्षं झाली, गावाकडं येणं होतं पण लातुरात थांबणं होत नाही.

परवा मैत्रीण म्हणली की तिथं आता दर महिन्याला लेखक यायलेत, गप्पांचा कार्यक्रम असतो आणि अर्ध्या किमतीचं वेगळं कपाटही लावलंय. खरंय का? कार्यक्रमाला कुणीही गेलं तर चालतं की नाव द्यावं लागतं? आणि त्या कपाटात खरंच वाचण्यासारखं असतं का नुसता न खपलेला माल? मी पुढच्या रविवारी यायचा विचार करायलेय. तिघांसाठी घ्यायचंय : आईला (आता बारीक अक्षर दिसत नाही तिला), सहावीतल्या भाच्याला, आणि आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला ३००० रुपयांची पुस्तकं द्यायचीत. जाताना एवढं ओझं बसमधून पुण्याला न्यायचं जिवावर येतं, ते पोस्टानं पाठवतात का तेही सांगा.

गोलाईवाला
ताई, रविवारी नको, शनिवारी या. कार्यक्रम महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असतो, संध्याकाळी पाचला, म्हणजे तुमच्या रविवारच्या आदल्याच दिवशी पडतोय. नाव-बिव द्यायची गरज नाही, फक्त साडेचारच्या आत जा, खुर्च्या चाळीसच आहेत, त्या भरल्या की जिन्यात बसावं लागतं. मी दोनदा जिन्यात बसून ऐकलंय, तिथं पंखा नाही.

मागच्या महिन्याचं सांगतो म्हणजे तुम्हाला कल्पना येईल. उदगीरकडची एक लेखिका आली होती, पहिलाच कथासंग्रह. स्टेज नाही, हार-तुरे नाहीत, मधलं टेबल सरकवून जागा केलेली. तिनं एक गोष्ट वाचायला घेतली आणि निम्म्यात लाईट गेली. कुणी उठलं नाही, समोरच्या दोघा-तिघांनी मोबाईलची बॅटरी तिच्या पुस्तकावर धरली आणि तिनं तशीच गोष्ट पूर्ण केली. मग प्रश्न सुरू झाले तेव्हा मागून एक धोतरवाले आजोबा उठले, रेणापूरहून एसटीनं आलते, म्हणले "बाई, गोष्ट लई चांगली लिहिली, पण तुमच्या गोष्टीत बायका पौषात ज्वारी काढायल्यात, पौषात तर हुरडा असतो, शाळू निघतो माघ-फाल्गुनात." सगळे गप. लेखिकेनं पिशवीतून वही काढली, आजोबाला पुन्हा सांगायला लावलं, लिहून घेतलं, आणि म्हणली पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते. मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा मोठमोठ्या हॉलमधले प्रकाशन सोहळे लई बघितलेत, पाहुण्यांची भाषणं संपेस्तोवर लेखकाला बोलायला दहा मिनिटं उरायची. हे असं तिथं कधी बघितलं नाही. माझ्या लेखी त्या आजोबांसारखा वाचक लेखकाला भेटला हीच त्या दुकानाची कमाई.

पण एक गोष्ट मनाला लागली ती सांगतो. त्याच दिवशी कार्यक्रम संपल्यावर दोन-तीन जण टेबलावरचं पुस्तक उचलून मुखपृष्ठाचा फोटो काढायले आणि तिथंच उभं राहून ऑनलाईन ऑर्डर टाकायले, चाळीस-पन्नास रुपये स्वस्त पडतं म्हणून. काका बघत होते, काही बोलले नाहीत, चहाचे कप गोळा करत राहिले. कार्यक्रम फुकट, चहा फुकट, आणि पुस्तक तेवढं दुसरीकडून, हे मला पटत नाही. तुम्ही घेणारच आहात म्हणून सांगतोय, जे घ्यायचं ते त्या दिवशी तिथूनच घ्या.

बाकी नवीन म्हणजे बारक्या पोरांचा कोपरा केलाय, खाली सतरंजी. आणि सप्टेंबरात १७ तारखेच्या आसपास हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या पुस्तकांचं वेगळं टेबल मांडतात. पोरांना १५ ऑगस्ट पाठ असतो, पण आपल्याकडं निजामाचं राज्य त्यानंतर अजून १३ महिने होतं आणि आपण १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो हे विचारलं की नुसती बघत राहतात. शाळेला द्यायचंय म्हणालात म्हणून आठवलं, त्यातलं एखादं नक्की घाला.

वाचनालयवाला_रेणापूर
अर्ध्या किमतीच्या कपाटाचं मी सांगतो, आमच्या ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी यादीतल्या सगळ्यात लहान वर्गातल्या, वाचनालयाची निम्मी खरेदी तिथूनच असते. तो न खपलेला माल नाही. तीन तऱ्हेची पुस्तकं असतात तिथं. काही प्रकाशकांनी गोडाऊन रिकामं करताना काढलेली, कोरी करकरीत, फक्त जुन्या आवृत्तीची. काही प्रवासात कोपरा दुमडलेली किंवा उन्हानं पाठ उडालेली. आणि काही वाचकांनीच परत आणून दिलेली, कारण आता वाचून झालेलं पुस्तक चांगल्या स्थितीत परत दिलं तर ठराविक रक्कम तुमच्या नावावर जमा धरतात, पुढच्या खरेदीत वळती करतात. मागच्या खेपेला मला एक चरित्र सापडलं, आत छापील किंमत १२ रुपये, आणि पहिल्या पानावर कुणीतरी निळ्या शाईनं लिहिलेलं "चि. ताईस, वाढदिवसानिमित्त". मी ते वाचनालयात लावलंय पण ते पान तसंच ठेवलं, त्यावर शिक्का मारला नाही.

घेताना एवढं बघा. पुस्तक उघडून मधला जोड दाबून बघायचा, पानं सुटतात का ते कळतं. पाठीजवळ बारीक भोकं दिसली तर घेऊ नका, कसर असती, एक पुस्तक घरातली दहा खाईल. मागची-पुढची पानं मोजून बघा, फॉर्म (एकत्र छापलेली सोळा पानं) चुकीचा लागलेला असतो कधी कधी, सोळा पानं गायब आणि दुसरी सोळा दोनदा. असा दोष निघाला तर हे दुकान बदलून देतं, पावती ठेवा.

आणि रस्त्यावर प्लॅस्टिकवर मांडून विकतात त्या गाजलेल्या पुस्तकांच्या नादी लागू नका. पान हाताला लावलं की कळतं, कागद पातळ, मागच्या पानाची अक्षरं पुढून दिसतात, छपाई फोटोकॉपीसारखी काळपट. त्यातला एक रुपया लेखकाला जात नाही. मात्र स्वस्त दिसलं म्हणजे चोरीचंच असंही नाही. लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी कॉपीराईट संपतो, साने गुरुजी १९५० ला गेले म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतं, त्यामुळं ती पन्नास-साठ रुपयांतही मिळतात आणि ती रीतसर आहेत. फक्त आत कुठं "संक्षिप्त" लिहिलंय का तेवढं बघून घ्या, शाळेला पूर्णच द्या.

आईसाठी दिवाळी अंक चालत असतील तर तुळशीचं लग्न झालं की तिथं पाच-पाच अंकांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे निम्म्या किमतीत लावतात. १९०९ ला 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडं ही सवय आहे आणि आमच्या गावात बायका अजून वर्षभर तेच वाचतात. मात्र अंकांची अक्षरं बारीक असतात, आईला जमतंय का बघा. मोठ्या अक्षरातली म्हणून पोथ्या-अभंगाची पुस्तकं मिळतील, पण ज्यांना गोष्टीच पाहिजेत त्यांच्यासाठी मोठ्या टायपात लई कमी निघतं हो, प्रकाशकांनी हे मनावर घ्यायला पाहिजे. इतकी म्हातारी वाचणारी माणसं आहेत आपल्याकडं.

परभणीचा_पाहुणा
सगळं खरं, पण आधी ते सरसकट २० टक्के सूट द्यायचे, ती बंद केली. उदगीरला २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा काय ते ऊन, पण मी दोन दिवस स्टॉल पालथे घातले आणि सगळीकडं २० टक्के सहज मिळाले. मग दुकानात का नको? मी महिन्याला एक-दोन पुस्तकं घेतो, परभणीहून तिकीट काढून येतो, आमच्यासारख्याला दहा-वीस रुपयेही मोजावेच लागतात. काकांबद्दल राग नाही, पण वाईट वाटलं ते वाटलं.

शनिवारी_गल्ल्यावर
परभणीच्या दादांना सांगते, मी तिथं शनिवार-रविवार मदतीला असते, पगारी नाही, कॉलेज करून जाते. सूट बंद केली त्या दिवशी काका स्वतः लई अस्वस्थ होते. हिशोब असा आहे की आमच्यासारख्या लहान दुकानाला १०० रुपयांच्या पुस्तकावर साधारण ३० रुपये सुटतात. त्यातून पार्सलचं भाडं, माडीचं भाडं, लाईट, आणि नाही खपलं तर परत पाठवायचा खर्चही आमचाच. २० रुपये गिऱ्हाईकाला दिले की दहात हे सगळं बसवायचं. संमेलनात प्रकाशक स्वतः स्टॉल लावतो, मधलं कमिशन कुणाला द्यायचं नसतं, म्हणून तिथं जमतं. आता काकांनी असं केलंय : नव्या पुस्तकांना छापील किंमत, शाळा आणि वाचनालयाला १५ टक्के, कार्यक्रमाच्या दिवशी त्या लेखकाच्या पुस्तकाला १० टक्के. आणि दादा, लांबून येणाऱ्याचं तिकीट बघून काका काही ना काही कमी करतात, तुम्ही कधी सांगितलंच नसेल परभणीहून येता म्हणून. पुढच्या वेळी सांगा.

कुणीही कुठंही पुस्तकाच्या छापील किमतीवर वरून टॅक्स लावला तर देऊ नका, छापील पुस्तकावर जीएसटी नाहीये. मागच्या वर्षी एका ठिकाणी माझ्याच मैत्रिणीकडून घेतला होता.

आता पोस्टाचं. आधी आम्ही रजिस्टर बुक पोस्टनं पाठवायचो, लई स्वस्त पडायचं, ते पोस्टानं २०२४ च्या डिसेंबरात बंद केलं आणि आमची चार महिने पार फजिती झाली, कुरिअरचे पैसे पुस्तकाएवढे व्हायले. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स, ट्रॅकिंग मिळतं, रस्त्यानं जातं म्हणून थोडे दिवस लागतात. अभ्यासाची, स्पर्धा परीक्षेची, सामाजिक-सांस्कृतिक-धार्मिक पुस्तकं त्यात जातात, पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव पाहिजे. दिवाळी अंक जात नाहीत, नियतकालिकं त्यात घेत नाहीत, म्हणून ते हातातच न्या. ताई, तुम्ही याल तेव्हा बाजूला काढून ठेवा, मी सोमवारी पोस्टात टाकते.

शाळेच्या ३००० मध्ये माझं मत विचारलंत तर एकाच जाड संचावर घालवू नका. पातळ, चित्रांची, वीस-तीस रुपयांची पुस्तकं जास्त घ्या म्हणजे एका वर्गात प्रत्येकाच्या हातात एक येईल. आमच्या सतरंजीवर मी दर शनिवार-रविवारी बघते, जाड पुस्तक पोरं उचलून परत ठेवतात, पातळ पुस्तक बसून संपवतात आणि मग दुसरं घेतात. आणि गुरुजींना सांगा कपाटाला कुलूप लावू नका, फाटली तर फाटू द्या.

परभणीचा_पाहुणा
हा हिशोब मला माहीत नव्हता ताई. ३० मधून एवढं सगळं भागवायचं म्हणजे अवघड आहे. दुसऱ्या शनिवारी मीही येतो. सूट मागणार नाही.

मांजराकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारची रजा टाकली, सकाळच्या गाडीनं निघून साडेचारच्या आत पोचते. आईला फोनवर ज्वारीची गोष्ट सांगितली तर म्हणली त्या आजोबांचं बरोबर आहे, आणि मला पण घेऊन चल. तिला गुडघ्याचा त्रास आहे, तो जिना चढणं होईल का, कठडा आहे का आता?

शनिवारी_गल्ल्यावर
कठडा उजव्या हाताला आहे, पण मधली तिसरी पायरी उंच आहे. खाली आल्यावर भांड्याच्या दुकानात सांगा, ते वर आवाज देतात, मी खाली येते. आईंसाठी पहिल्या रांगेत पंख्याखालची खुर्ची धरून ठेवते.