खडीच्या बेडवर पाणी साचतंय, सगळी खडी बदलावी का?

प्रश्न
लोकसंख्या 1,800. काळी माती, त्यामुळे शोषखड्डे जमले नाहीत. गटाराचं पाणी गावाच्या टोकाला येतं: जाळी, गाळ टाकी (6 × 2.5 मीटर, 1.8 मीटर खोल), पुढे पाणी शुद्ध करायला 40 × 15 मीटरचा खडीचा बेड, त्यात कर्दळ, मग ओढा. दीड वर्ष ठीक चाललं. आता पाणी जिथून आत येतं तिथे चार मीटरपर्यंत ते खडीच्या वर दिसतं. वास, डास, कर्दळ पिवळी. बाहेर पडणारं पाणी मात्र नितळ. ठेकेदार म्हणतो, सगळी खडी बदला.

उत्तर: खडीकाम (टोपणनाव)
नको. बेड शाबूत आहे, तोंड बुजलंय. दोष टाकीत.

माणशी 55 लिटर नळाचं पाणी, त्यातलं 70 टक्के गटारात, म्हणजे रोज साधारण 70 घनमीटर. टाकी 27 घनमीटरची. कागदावर पाणी नऊ तास थांबतं. पण नळ सकाळी सुटतात, धुणीभांडी तेव्हाच. दोन तृतीयांश पाणी तीन तासांत आलं तर मुक्काम पावणेदोन तासांचा. टाकी निम्मी गाळाने भरलेली असेल तर तासभरही नाही. मग गाळ बसतो तो खडीत.

बांबूला खालून दीड मीटर पांढरं फडकं गुंडाळा, हळूच तळाला टेकवा, दहा मिनिटांनी सरळ वर काढा. काळा डाग 60 सेंटिमीटरच्या वर गेला की उपसा. उपसा पंपानेच, टाकीत माणूस उतरवायचा नाही. गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो.

खडी त्यानंतर. तोंडाकडची तीन-चार मीटरच काढा, धुऊन परत भरा. पहिल्या मीटरभरात 40 ते 80 मिमीचे दगड, पुढे 10 ते 20 मिमी. नवी खडी लागली तर कच चाळून घ्या. शेवटी निकासाच्या एल्बोने (वळवता येणाऱ्या कोपरा-पाइपने) पाण्याची पातळी खडीखाली 5 ते 10 सेंटिमीटर ठेवा.

गाळउपसा
गोठे धुतलेलं पाणी या गटारात येतंय का ते आधी बघा. येत असेल तर वरची सगळी मेहनत सहा महिन्यांची. शेण खत-खड्ड्यातच गेलं पाहिजे. आणि टाकीच्या आधी सांडवा (पावसाचं जादा पाणी बाजूला काढणारी वाट) आहे का? पहिल्या जोरदार पावसात रस्त्याची माती बेडमध्ये येते ती सांडवा नसल्यामुळे.

ओढाकाठ
नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. ओढ्यात सोडायचं तर बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत हवा, शेतीला द्यायचं तर 100 चालतो. नमुना सकाळच्या गर्दीतला घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. उन्हाळ्यात ओढ्याला दुसरं पाणीच नसतं, डोहात साचतं ते हेच. काठावर पिण्याची विहीर असेल तर तिच्या पाण्यातलं नायट्रेटही तपासा, मर्यादा 45 मिलिग्रॅम. जंतू खडीत पुरेसे मरत नाहीत, म्हणून हे पाणी नेपियर गवताला, झाडांना द्या. मेथी-कोथिंबिरीला अजिबात नको.

प्रश्नकर्ता
फडकं 95 सेंटिमीटरपर्यंत काळं निघालं. दोन गोठ्यांचं पाणीही गटारातच आहे. उपसलेला गाळ टाकायचा कुठे?

गाळउपसा
वाळूच्या वाफ्यात, 20 सेंटिमीटरचा थर. ओढ्यापासून लांब, आणि उपसा पावसाळ्याआधी उरका. भेगा पडून फावड्याला ढेकूळ सुटलं की वाळला समजा. मग झाडांच्या आळ्यात, मातीखाली.