सल्ल्यापेक्षा प्रश्नांचा उपयोग जास्त होतो

शास्त्रज्ञ बाईने मूल झाल्यावर संशोधन सोडणं ही जिची तिची निवड, तिथे कोचिंग (म्हणजे प्रश्न विचारून स्वतःची वाट शोधायला मदत करणं) काय करणार, असं या चर्चेत एकांनी विचारलंय. मला ते पटत नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की पहिल्या मुलानंतर विज्ञान-तंत्रज्ञानातलं पूर्णवेळ काम ४३ टक्के आयांनी सोडलं, वडिलांपैकी मात्र २३ टक्क्यांनी. निवडच असती तर एवढी तफावत कशाला पडली असती?

कोच म्हणजे मार्गदर्शक नव्हे, हे आधी स्पष्ट करते. मार्गदर्शक स्वतःचा रस्ता दाखवतो, कोच प्रश्न विचारतो. "हा प्रयोग तुम्हीच का करायला हवा?" या एका प्रश्नाने मी काम विद्यार्थ्यांवर सोपवायला शिकले. तोवर सगळं स्वतः करणं म्हणजेच नेतृत्व, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

आम्हा पाच शास्त्रज्ञ आयांचा गटही असाच प्रश्नांवर चालतो. प्रत्येकीला वीस मिनिटं, आणि त्यात बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. हे फार कठीण जातं! सगळ्याजणी वेगवेगळ्या संस्थांमधल्या असल्याने बॉसबद्दल मोकळेपणाने बोलता येतं, आणि कामाच्या ठिकाणी बाळासाठी दूध काढून ठेवायला जागा नसल्याबद्दलही.

पैशाची मदतही हवीच. नोबेलविजेत्या क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोल्हार्ड यांनी २००४ मध्ये जर्मनीत स्थापलेलं प्रतिष्ठान तरुण शास्त्रज्ञ आयांना घरकाम आणि मुलांच्या सांभाळासाठी दरमहा रक्कम देतं. ज्यांना गट सुरू करायचा आहे त्यांनी इथेच लिहा, पहिल्या दोन बैठकांना मी येईन.